नऊ बारांच्या पुंगळ्या

मी, रघुवीर दत्तात्रय पेडणेकर, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार वॉटफर्ड, हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमधून निवृत्त, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे आणि स्मरणशक्ती शाबूत आहे. ती थोडी कमी शाबूत असती तरी चालले असते, पण तो विषय सहाव्या कलमात येईल. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, मला कोणी फूस लावलेली नाही. तसे करायला घरात दुसरे कोणी नाहीही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते आम्ही दोघांनी १९९८ साली केले होते आणि त्यात मी सगळे माझ्या बायकोला, नंदाला, ठेवले होते. नंदा माझ्याआधी गेली आणि तो कागद फुकट गेला.

हे मराठीत का, असे माझा मुलगा अंशुमन विचारील. सॉलिसिटरच्या ऑफिसातली मुलगी फोनवर म्हणाली की भाषा कुठलीही चालते, नंतर भाषांतर करून घ्यावे लागेल. तर ते करून घ्यावे आणि कुरकुर करू नये. मी इंग्रजीत लिहायला तीनदा बसलो होतो. तिन्ही वेळा लॅबचा रिपोर्ट तयार झाला.

१. अंमलबजावणी

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा मुलगा अंशुमन, राहणार कार्डिफ, याने करावी. तो तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, त्याला सवड नसते. तरी तो दर रविवारी संध्याकाळी फोन करतो. "बाबा, ऑल ओके?" असे विचारतो, मी "हो" म्हणतो, मग आम्ही दोघे हवेबद्दल बोलतो. याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती कायदेशीर स्वरूपाची नाही.

मी गेल्याचे कळताच त्याने सर्वांत आधी पोलिसांच्या शस्त्र परवाना विभागाला फोन करावा, अंत्यसंस्कारवाल्यांना नंतर. जिन्याखालच्या पोलादी कपाटात माझी रायफल आहे. ती कोणाला वारसाहक्काने देता येत नाही. परवाना असलेल्या डीलरकडे ती जाईल. कपाटाला हात लावू नये. किल्ली कुठे आहे ते बंद पाकिटात सॉलिसिटरकडे ठेवले आहे. ज्याच्या नावावर परवाना त्याच्याखेरीज कोणालाही किल्लीचा ठावठिकाणा कळता कामा नये, असा इथला नियम आहे. घरातल्या माणसालाही नाही. तो मी १९८१ पासून पाळला. नंदा एकदा म्हणाली होती, "अहो, अडतीस वर्षं झाली. चोर आला तर त्याला तरी सांगणार आहात का?" तिला ती जागा शेवटपर्यंत कळली नाही. नियम बरोबर आहे. पण ज्या घरात आपण एक गोष्ट लपवायला शिकतो त्या घरात दुसरी लपवणे सोपे जाते, हे मला त्या वेळी सुचले नाही.

२. घर

घर अंशुमनला. त्याने ते ठेवू नये, विकावे. कार्डिफहून येऊन इथल्या गटारी कोण साफ करणार. नंदाच्या खोलीतले कपाट मी पाच वर्षे उघडलेले नाही, ते त्याने एकट्याने उघडू नये, दियाला बरोबर घ्यावे. पुढच्या बागेतली गुलाबाची चार झाडे शेजारीण पॅट्रिशिया होल्ट हिला द्यायची फार इच्छा होती. नंदा गेल्यापासून ती माझे कचऱ्याचे डबे न सांगता रस्त्यावर नेऊन ठेवते. पण पॅट साक्षीदार म्हणून सही करणार आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून मी तिला कालच सांगितले की फावडे आण आणि माझ्या जिवंतपणीच उपटून ने. ती म्हणाली, गुलाब नोव्हेंबरात हलवलेलेच चांगले.

३. बँकेतली शिल्लक

खर्च वजा जाता जे उरेल त्यातले अर्धे अंशुमनला, अर्धे नात दिया हिला. दिया वीस वर्षांची आहे. तिने त्याचे काय करावे हे मी सांगणार नाही. गेल्या उन्हाळ्यात ती दोन दिवस राहून गेली. तिचे मराठी मोडके आहे, पण ती प्रयत्न सोडत नाही. गॅरेजमध्ये मी पितळेच्या पुंगळ्या पुसत होतो तिथे शेजारी स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आजोबा, हा सगळा ब्रास तुम्ही रोज क्लीन करता? पण, लाइक, कोणासाठी?"

मी म्हणालो, नेमबाजीच्या क्लबसाठी. ते खोटे होते.

४. नंदाच्या वस्तू

दागिने दियाला. नंदाचे मोठे पातेले महाराष्ट्र मंडळाच्या लोकांनी २०११ च्या कोजागरीला मसाला दुधासाठी नेले ते परत केले नाही. मी तीन पत्रे लिहिली. तिसऱ्या पत्राला उत्तर आले की पातेली सगळी सारखीच दिसतात. ते पातेले मंडळाला दान दिले असे आता समजावे. दान मनापासून नाही, पण दान आहे.

स्टीलच्या दोन पराती कोणालाही देऊ नयेत. त्या मोडीत घालाव्यात.

५. गॅरेज

या गॅरेजमध्ये गाडी कधी उभी राहिली नाही. इथे माझे टेबल आहे, दाबयंत्र आहे आणि भिंतीला लागून शेल्फांवर एकशे अठ्ठावीस डबे आहेत. अंशुमनला त्यांची आयुष्यभर चीड होती. "बाबा, इट्स अ गॅरेज फुल ऑफ बुलेट्स," असे तो मित्रांना सांगायचा. बुलेट एकही नाही. नुसत्या रिकाम्या पुंगळ्या आहेत आणि त्यांना परवाना लागत नाही. ज्याने कधी बार काढलेला नाही त्याला हे समजावे म्हणून थोडक्यात लिहितो, कारण हे समजल्याशिवाय पुढचे कलम समजणार नाही.

रायफलीतून गोळी गेली की पितळेची पुंगळी मागे उरते. निशाण्याचा शौक असणारा माणूस ती फेकत नाही. ती गोळा करायची, अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्यात यंत्रावर घोळून चकचकीत करायची, धुवायची, वाळवायची. बार झाल्यावर पितळ ताणलेले असते म्हणून साच्यातून दाबून मूळ मापाला आणायचे, तोंड लांबले असेल तेवढे कापायचे. मग त्यात ठिणगी पाडणारी नवी टोपी, मोजून दारू आणि नवी गोळी बसवली की काडतूस पुन्हा तयार. पण दर बाराला पितळ थोडे ताणले जाते आणि बुडाजवळ आतून पातळ होत जाते. शेवटी तिथे खाच पडते. ती बाहेरून दिसत नाही. अशी पुंगळी पुन्हा वापरली तर ती तिथे फाटते आणि रायफलीच्या मागच्या बाजूने, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे, आग येते.

म्हणून दोन काळज्या घ्यायच्या. एक, प्रत्येक डब्याच्या झाकणावर किती बार झाले ते लिहायचे. दुसरी, टोकाला वाकवलेली बारीक तार पुंगळीत घालून बुडाजवळ आतून फिरवायची. तार अडकली की खाच आहे. ती पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाकायची.

माझ्या डब्यांतल्या पुंगळ्यांना गेल्या पंधरा वर्षांत टोपी बसलेली नाही. क्लबमधल्या लोकांचे पितळ मी गोळा करून आणतो, साफ करतो, डब्यात भरतो आणि शेल्फावर ठेवतो. दारू भरणारा माणूस यायचा थांबला, आणि मला दुसऱ्याबरोबर ते करायचे नव्हते. सगळे डबे क्लबला द्यावेत. मात्र एकेक पुंगळी तारेने पुन्हा तपासल्याशिवाय कोणी वापरू नये. माझ्या लेबलवर विश्वास ठेवू नये.

६. गिरीश हर्डीकर

डॉ. गिरीश विनायक हर्डीकर, राहणार ईलिंग, माझा मित्र. आम्ही एकाच हॉस्पिटलात होतो. मी तळघरातल्या लॅबमध्ये, तो वर ऑपरेशन थिएटरमध्ये भूल द्यायला. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान. क्लबमध्ये मी त्याला नेले आणि वर्षभरात तो माझ्यापेक्षा चांगला नेम धरू लागला. रविवारी आम्ही एकत्र जायचो. कामाची वाटणी ठरलेली होती: पितळ माझे, दारू त्याची. पुंगळ्या साफ करून, तपासून मी द्यायच्या आणि दारू मोजून भरायची त्याने. तो म्हणायचा, "भूल असो नाहीतर दारू, मोजणं हेच आपलं काम, रघू." प्रत्येक माप तो वहीत लिहायचा.

ऑगस्ट २००९, गणपतीचा दिवस, रविवार. मी सकाळी दोन डब्यांतल्या पुंगळ्या धुतल्या होत्या. एका डब्यातल्या तीन बार झालेल्या. दुसऱ्यातल्या नऊ बारांच्या, म्हणजे भंगारात जायच्या. जे फेकायचे ते कोणी धूत बसत नाही. पण टाकण्यापूर्वी धुऊन, तपासून पन्नासांपैकी कितींना खाच पडली याची नोंद ठेवायची ही माझी लॅबमधली खोड. त्यामुळे जेवणाच्या टेबलावर दोन परातींत दोन ढीग वाळत होते. दोन्ही सारखेच चकचकीत.

नंदा ओरडली, "अहो, आरतीच्या परातीत काडतुसं काय वाळवताय!" तेवढ्यात बेल वाजली. गिरीश आणि अलका वहिनी मोदक घेऊन अर्धा तास आधीच आले होते. मी दोन्ही पराती घाईघाईने डब्यांत रिकाम्या केल्या, झाकणे लावली आणि आरतीला उभा राहिलो.

पुढच्या आठवड्यात ज्या डब्यावर तीन लिहिले होते तो मी गिरीशला दिला. तीनच बार झालेत म्हणून तार घातली नाही. १३ सप्टेंबरला रेंजवर त्याच्या सतराव्या गोळीला पुंगळी फाटली. मी त्याच्या शेजारच्या चटईवर पालथा होतो. त्याचा गाल आणि उजवा डोळा रक्ताने भरला होता आणि तो मला म्हणत होता, "रघू, मी किती भरली होती रे? किती भरली होती?"

डोळा वाचला, त्यातली नजर थोडीच वाचली. उरलेली काडतुसे क्लबने त्याच दिवशी नष्ट केली. दोन रविवारांनी मी नऊ बारांचा डबा तपासायला घेतला. पन्नासांपैकी एकाही पुंगळीत तार अडकली नाही. लॅबमध्ये असा फार चांगला निकाल आला की आम्ही आधी बाटलीवरचे लेबल तपासायचो. मी पन्नासही पुन्हा तपासल्या. गणपतीच्या दिवशी झाकणांची अदलाबदल झाली होती. ती माझ्या हातून झाली होती.

चार दिवसांनी क्लबच्या कमिटीची बैठक झाली. त्यांनी विचारले, पितळ कोणी तपासले? मी म्हणालो, मी. तार घालून? मी म्हणालो, हो. मग उरली दारू. कमिटीने लिहिले की माप चुकून जास्त भरले गेले असावे. मी खाली बघत बसलो. माझा परवाना गेला असता, क्लब गेला असता, चौतीस वर्षांत एका बाटलीचे लेबल चुकले नाही असे ज्याच्या निवृत्तीच्या भाषणात सांगितले तो माणूस गेला असता. एवढ्याचीच मला भीती होती. आज लिहिताना ती किती किरकोळ वाटते.

हॉस्पिटलने गिरीशला कळवले की नजर पुरेशी आहे, कामावर यावे. तो गेला नाही. म्हणाला, ज्याला दारू मोजता आली नाही त्याने माणसाची भूल मोजू नये. एकोणसाठाव्या वर्षी त्याने थिएटर सोडले. तेव्हापासून कोणी 'डॉक्टर' म्हणून ओळख करून दिली की तो मध्येच तोडतो, "नाही नाही, आता नाही." आणि त्या डिसेंबरात मी त्याला भेटायला ईलिंगला गेलो तेव्हा डोळ्यावर पट्टी असलेला माझा मित्र मला म्हणाला, "माझ्यामुळे तुझ्या पितळाकडे बोट दाखवलं गेलं असतं. सॉरी, रघू."

मी म्हणालो, "असू दे रे."

माझ्या आयुष्यात मी एवढे नीच वाक्य दुसरे बोललेलो नाही.

नंदाला मी सांगितले होते. ती म्हणाली, "आज जाऊन सांगून या." मी म्हणालो, पुढच्या रविवारी. वर्षभर ती दर रविवारी विचारायची. मग विचारायची थांबली, आणि मग गॅरेजमध्ये चहा घेऊन यायचीही थांबली. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिसमध्ये तिने माझे मनगट धरले आणि म्हणाली, "त्या माणसाला सांगा हो." मी हो म्हणालो. त्याला आता पाच वर्षे झाली.

म्हणून मी लिहून ठेवतो की गिरीशचे माप बरोबर होते. त्याची वही त्या दिवशी रेंजवरच्या सामानात माझ्याकडे आली ती अजून माझ्याकडे आहे, त्यात एका कणाची चूक नाही. चूक माझी होती. माझ्या मृत्यूनंतर अंशुमनने तो पन्नास पुंगळ्यांचा डबा, ती वही आणि या कलमाची प्रत गिरीशच्या हाती द्यावी आणि एक प्रत क्लबला पाठवावी. माझे टेबल, दाबयंत्र आणि सर्व हत्यारे गिरीशला द्यावीत. म्हणजे हे सगळे मी समोर नसताना होईल. याला भ्याडपणा म्हणतात हे मला कळते.

७. साक्षीदारांबाबत

वरील सहा कलमे लिहून झाल्यावर सॉलिसिटरच्या ऑफिसातल्या मुलीने सांगितले की एक साक्षीदार पुरत नाही, दोन लागतात. दोघांनी एकाच वेळी एका खोलीत हजर राहून मला सही करताना पाहायचे आणि मग माझ्यासमोर सह्या करायच्या. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते तो चालत नाही हे मला माहीत होते, त्याची बायको किंवा नवराही चालत नाही.

एक पॅट होतीच. दुसऱ्यासाठी मी नऊ दिवस हिंडलो. माझ्या डॉक्टरच्या दवाखान्यातली बाई म्हणाली, आमची तशी पॉलिसी नाही. लायब्ररीतही नाही. मंडळाची टेलिफोन वही काढली तर माझ्या वयाची जी नावे होती त्यांतली बहुतेक गेलेली, आणि जी नवी होती त्यांना मी पातेलेवाले आजोबा म्हणून माहीत. ज्या दुकानात बारा वर्षे कोथिंबीर घेतो तिथल्या माणसाला माझे नाव ठाऊक नाही, मला त्याचे नाही. आम्ही एकमेकांना अंकल म्हणतो. क्लबचे लोक चालले असते, पण क्लबला मी डबे ठेवले आहेत आणि सहावे कलम त्यांच्यासमोर टेबलावर ठेवून सही करायचे मला धाडस नव्हते. या गावात एकोणपन्नास वर्षे काढली आणि मी सही करताना बघायला मला दुसरा माणूस मिळेना. अशा वेळी माणसाला घरात बसून रडू येते. मला आले.

मग मी ईलिंगला फोन केला. अलका वहिनींनी घेतला.

"अय्या, रघुवीर भावजी! किती दिवसांनी! तब्येत कशी आहे?"

मी म्हणालो, एक सही हवी होती गिरीशची, साक्षीदार म्हणून.

"येतो ना आम्ही शनिवारी. ड्राइव्ह मी करीन. यांना बाहेर काढायला निमित्तच लागतं. काय सांगू तुम्हाला, डोळ्यात ड्रॉप्स घालायचे तरी थेंब मी मोजायचे. 'तू मोज, अलका, माझ्या हाताचा भरवसा नाही.' पंधरा वर्षं हेच चाललंय."

गिरीश साक्षीदार होणार असेल तर त्याला काही ठेवता येत नाही. म्हणून सहाव्या कलमातले टेबल, दाबयंत्र आणि हत्यारे गिरीशला देण्याबद्दलचे वाक्य मी रद्द करतो. ती सर्व क्लबला द्यावीत. त्या कलमातला बाकीचा मजकूर कायम आहे.

८. आजचा दिवस

हे कलम मी शनिवारी सकाळी, पॅट माझ्या शेजारी चहा पीत बसलेली असताना लिहीत आहे. यात द्यायचे काही नाही, पण ज्या कागदावर सही करायची त्यात हे असायला हवे.

गिरीश आणि अलका वहिनी अकरा वाजता आले. तो बारीक झाला आहे. दारातून आत येताना त्याने उजव्या बाजूला हाताने चाचपले. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "साक्षीदाराने आतलं वाचायचं असतं का?"

"नाही. फक्त माझी सही बघायची."

"मग दे पेन. तुझ्या इस्टेटीत मला काय इंटरेस्ट!"

कागद उलटे ठेवलेले होते, फक्त सह्यांचे पान वर. त्याने पेनचे टोपण काढले. माझ्याकडे बघून हसला. तो आता सही करणार होता, स्वतःच्याच सुटकेच्या कागदावर, न वाचता, आणि ईलिंगला परत जाऊन अलकाकडून थेंब मोजून घेणार होता. कायद्याने त्यात काहीच चुकले नसते. मी त्याच्या हातून पेन काढून घेतले, सहावे कलम वर काढले आणि त्याच्यापुढे ठेवले.

"हे वाच."

तो एका डोळ्याने वाचतो, बोट ओळीवर ठेवून. त्याला फार वेळ लागला. 'असू दे रे' या ओळीवर बोट थांबले. मग पुढे गेले.

"माझं माप?" तो म्हणाला.

"बरोबर होतं."

"नक्की?"

"तुझी वही आहे माझ्याकडे."

"वहीचं नाही विचारत. तुला विचारतोय. नक्की?"

"नक्की, गिरीश. तुझं काही चुकलं नव्हतं."

अलका वहिनी स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला.

"पंधरा वर्षं," तो म्हणाला. "मी थिएटर सोडलं, रघू. माणसं माझ्या हाताखाली झोपायची आणि उठायची. ते सोडलं मी. तू काय करत होतास रविवारचं?"

मी खरे ते सांगितले. "पुंगळ्या धूत होतो."

तो उठला. मी डबा आणि वही टेबलावर काढूनच ठेवली होती. त्याने दोन्ही उचलली. "आणि हे मला तू मेल्यावर कळणार होतं. आणि मी आधी गेलो असतो तर? हं? देन व्हॉट? क्लबला काय, तुझं भूत सांगणार होतं?" असे म्हणून तो बाहेर गेला. पॅटला एक शब्द कळला नसावा, पण ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली.

मी तेव्हाच क्लबच्या सेक्रेटरीला फोन लावला. पॅट आणि अलका वहिनी दोघींना ऐकू जाईल असा स्पीकरवर ठेवला आणि इंग्रजीत सगळे सांगितले: झाकणे, तार, कमिटीसमोरचे खोटे. सेक्रेटरी नवा आहे, चाळिशीतला. तो म्हणाला की हे त्याच्या येण्याच्या फार आधीचे आहे, त्या कमिटीतले आता कोणी नाही, पण लेखी द्या, नोंदवहीत दुरुस्ती करून डॉ. हर्डीकरांना पत्र पाठवू. ज्या लोकांच्या भीतीने मी गप्प बसलो त्यांच्यातले कोणी शिल्लक नव्हते. पत्र मी आजच लिहीन. परवानाही परत करीन आणि रायफल डीलरकडे देईन. म्हणून पहिल्या कलमातल्या पोलिसांना करायच्या फोनची आता गरज नाही, आणि सहाव्या कलमातले डबा, वही आणि प्रती माझ्या मृत्यूनंतर देण्याबद्दलचे वाक्यही रद्द.

अलका वहिनी बाहेर त्याला सांगायला गेल्या आहेत. खिडकीतून गाडी दिसते. तो पुढच्या सीटवर बसला आहे, मांडीवर डबा उघडा आहे, आणि तो एकेक पुंगळी काढून उजेडाकडे धरून आत बघतो आहे. गाडीच्या खिडकीपाशी वहिनी वाकून बोलत आहेत. तो आत आला तर आम्ही तिघे सही करू. नाही आला तर हे मृत्युपत्र सहीवाचून राहील आणि सगळे कायद्याप्रमाणे अंशुमनला जाईल. दियाचा वाटा तो तिला देईलच, त्यात कोणाचे काही बिघडणार नाही. पण मी पेन खाली ठेवून इथेच बसणार आहे, पॅटला घरी जायची घाई नाही असे ती म्हणते.

वरील सर्व मजकूर माझा आहे. खाडाखोड केली आहे तिथे माझी आद्याक्षरे आहेत.

ठिकाण: वॉटफर्ड
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४

(सही) रघुवीर दत्तात्रय पेडणेकर

श्री. पेडणेकर यांनी आम्हा दोघांच्या एकत्र उपस्थितीत सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार पहिली:
(सही) पॅट्रिशिया होल्ट
राहणार: शेजारचे घर, वॉटफर्ड
व्यवसाय: निवृत्त, शाळेच्या स्वयंपाकघरात

साक्षीदार दुसरा:
मी हे पूर्ण वाचले आहे. सही केली म्हणजे माफ केले असे कोणी समजू नये.
(सही) डॉ. गिरीश विनायक हर्डीकर
राहणार: ईलिंग, लंडन
व्यवसाय: भूलतज्ज्ञ